फर्गी ट्रॅक्टर पेट्रोलचा की रॉकेलचा?

पंपाचा स्टोव्ह ज्यांनी पेटवलाय त्यांना अर्धा विषय आधीच माहितीये. काकडा लावून आधी बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा, आणि घाई केली की रॉकेल तसंच पातळ बाहेर येतं, पिवळा भडका उडतो, भांडी काळी होतात आणि आजीची बोलणी खावी लागतात ती वेगळीच. बर्नर नीट तापला की तेच रॉकेल वाफ होऊन निळं जळतं आणि स्टोव्ह मस्त घुमायला लागतो.

आता हाच प्रकार ट्रॅक्टरमध्ये बघा. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसन टीई-२० नावाचे पाच लाखांच्या वर ट्रॅक्टर बनले, करड्या रंगाचे, लोक लाडाने 'लिटल ग्रे फर्गी' म्हणतात. बाहेरून सगळे सारखेच, पण कुणी पेट्रोलवर चालायचं, कुणी टीव्हीओवर, कुणी डिझेलवर. टीव्हीओ म्हणजे ट्रॅक्टर व्हेपरायझिंग ऑइल, आपल्या रॉकेलचाच भाऊ. तिकडे पेट्रोलवर कर होता आणि १९५० पर्यंत रेशनिंगही, त्यामुळे शेतकऱ्याला टीव्हीओ परवडायचं.

डिझेलवाला ओळखणं सोपंय, स्पार्क प्लग नाहीत, इंजेक्टर आणि त्यांच्या बारीक लोखंडी नळ्या दिसतात, विषय संपला. खरी गंमत पेट्रोल आणि टीव्हीओमध्ये.

पेट्रोल साधारण ३५-४० अंशांपासून उकळायला लागतं, रॉकेल मात्र १५० च्या आसपास, म्हणून थंड इंजिनात रॉकेलची वाफच होत नाही. मग काय करायचं, तर पेट्रोलवर सुरू करायचं, इंजिन चांगलं तापू द्यायचं आणि मग कॉक फिरवून टीव्हीओवर घ्यायचं. म्हणून टीव्हीओवाल्या टाकीत दोन कप्पे आणि भरायला दोन झाकणं. शिवाय मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात मिश्रण आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांवर, पत्र्याचं कव्हर असतं, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराची उष्णता तिथेच कोंडून आत येणारं मिश्रण तापवायला, म्हणजे हा त्या इंजिनाचा काकडाच. थंड असताना घाईने टीव्हीओवर घेतलं तर न जळलेलं तेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं.

प्लेटवर बघून कळत नाही का? कळतं की, डॅशवर प्लेट असते आणि नंबराच्या आधीच्या अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. टीई-ए२० म्हणजे स्टँडर्ड कंपनीचं पेट्रोल इंजिन, टीई-डी२० टीव्हीओ, टीई-एफ२० डिझेल, आणि टीई-एच२० म्हणजे लँप ऑइल, दिव्यात घालायचं तेल. नुसतं टीई-२० असेल तर सुरुवातीचं कॉन्टिनेंटल पेट्रोल इंजिन. पण सत्तर वर्षांत इंजिन बदललं गेलं, प्लेट दुसऱ्याच गाडीची लावली, असं सर्रास होतं, आणि १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये टीव्हीओ मिळणंच बंद झालं तेव्हा कितीतरी लोकांनी तो पत्रा काढून टाकला आणि सरळ पेट्रोल भरायला लागले.

पत्रा काढता येतो, टाकी बदलता येते, पण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, मात्र इंजिन खोलल्याशिवाय बदलत नाही. रॉकेलजातीचं इंधन जास्त दाबलं की वेळेआधी आपोआप पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं, म्हणून टीव्हीओ इंजिनाचं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी, साडेचार-पाचला एक, आणि पेट्रोलवाल्याचं सहाच्या आसपास. प्लग काढून दाब मोजायचं गेज लावा. चारही सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत बघा. आकडा टुणकन वर गेला तर ऑइलने फट बुजली, म्हणजे रिंगा झिजल्यात. फारसा हललाच नाही (आणि व्हॉल्व्ह ठीक असतील) तर इंजिन बहुतेक टीव्हीओचंच आहे, मग वरून काहीही बसवलेलं असो.

अशा इंजिनात पेट्रोल घातलं की ते चालतं, पण पेट्रोलची सगळी ताकद काही निघत नाही, आणि मालक बिचारा 'फर्गीला दमच नाही हो' म्हणत दर रविवारी कार्ब्युरेटर खोलून बसतो.