आमिष व गंधनियंत्रण (हरणांच्या शिकारीतील)

हरणाला ठरावीक जागी आणण्यासाठी खाद्य, मीठ किंवा वास मांडून ठेवणे म्हणजे आमिष लावणे आणि शिकाऱ्याचा वास हरणापर्यंत पोहोचू नये म्हणून केलेले उपाय म्हणजे गंधनियंत्रण. या दोन्ही पद्धती जगात अनेक ठिकाणी आढळतात; मात्र त्यांवरील संशोधन, कायदे आणि वाद यांचा मोठा भाग उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाशी (ओडोकॉइलियस व्हर्जिनिॲनस) निगडित असल्याने प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने त्याचाच विचार केला आहे. हे हरीण सर्व्हिडी कुलातील, म्हणजे चितळ-सांबरांच्या नात्यातले आहे. काळवीट व चिंकारा बोव्हिडी कुलात मोडतात. त्यांच्या बाबतीत ही निरीक्षणे जशीच्या तशी लागू धरू नयेत.

पूर्वेतिहास : आमिषाचा उगम नेमका सांगता येत नाही. केंटकीतील ब्लू लिक्स, बिग बोन लिक यांसारख्या नैसर्गिक क्षारभूमींवर जनावरे माती चाटायला येत आणि त्यांच्या वाटांवर दबा धरून शिकार होई. १७७८ च्या फेब्रुवारीत डॅनियल बून हा सीमाप्रदेशातील शिकारी व वाटाड्या शॉनी या मूळनिवासी लोकांच्या हाती लागला, तोही ब्लू लिक्स येथे मीठ उकळणाऱ्या तुकडीसाठी शिकार करीत असताना. या क्षारभूमींवरून पुढे माणसाने मांडलेल्या मिठाच्या विटेपर्यंत सरळ वाट काढण्याचा मोह होतो, पण ती जपून काढावी. कारण क्षारभूमीवर शिकारी जनावराच्या सवयीमागे जातो, तर वीट मांडणारा ती सवयच नव्याने लावतो. पूर्वेकडील मूळनिवासी जमाती रान जाळून कोवळा पाला उगवू देत व त्यावर हरणे येत, हेही आमिषाचे पूर्वरूप मानले जाते. असे जाळणे होत असे याविषयी दुमत नाही. ते किती मोठ्या प्रमाणावर होत असे, याबद्दल परिस्थितिवैज्ञानिकांत अजून एकवाक्यता नाही.

गंधनियंत्रणाचा सर्वांत जुना पुरावा म्हणून टेओडोर द ब्री याने १५९१ मध्ये प्रसिद्ध केलेले एक कोरीवचित्र अनेकदा पुढे केले जाते. फ्लॉरिडातील टिमुकुआ शिकारी अखंड हरणाचे कातडे पांघरून ओढ्याकाठच्या हरणांजवळ सरकत आहेत, असे त्यात दाखवले आहे. चित्रांचा आधार म्हणजे १५६४ च्या फ्रेंच मोहिमेत तेथे गेलेल्या झाक ल म्वान याची रेखाटने, असे परंपरेने सांगितले जाते. मात्र ही मूळ रेखाटने जवळजवळ उपलब्ध नाहीत. जे एक चित्र त्याचे म्हणून दाखवले जाते त्याच्या कर्तृत्वावरही शंका घेतली गेली आहे आणि कोरीवचित्रांत युरोपीय कारागिराची कल्पना किती मिसळली हा प्रश्न अनिर्णित आहे. शिवाय चित्रासोबतच्या मजकुराचा रोख सोंगावर आहे. हरणाच्या मुखवट्यातील डोळ्यांच्या छिद्रांतून शिकारी पाहतात, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा कातडे दिसण्यासाठी होते, वासासाठी नव्हे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. वास झाकला जात असल्यास तो आनुषंगिक लाभ म्हणावा लागेल.

एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे या हरणांची संख्या १९०० च्या सुमारास पाच लाख किंवा त्याहूनही कमी उरली होती, असा अंदाज आहे. पुढे बंदीहंगाम, परवाने आणि पुनर्वसन यांमुळे ती कोटींत गेली. पाणपक्ष्यांसाठी दाणे टाकून शिकार करण्यास अमेरिकी संघराज्याने १९३५ मध्येच बंदी घातली. स्थलांतरी पक्षी आंतरराष्ट्रीय कराराखाली येत असल्याने तो अधिकार केंद्राकडे होता. हरीण मात्र घटकराज्यांच्या अखत्यारीत राहिले. आजच्या कायद्यांतील गोंधळाचे मूळ येथे आहे.

घ्राणशक्ती : पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे जग बव्हंशी वासाचे आहे. मागच्या पायाच्या सांध्याजवळच्या ग्रंथी, खुरांमधील ग्रंथी, डोळ्यांपुढील व कपाळावरील ग्रंथी यांच्या स्रावांतून हरणे एकमेकांची ओळख, दर्जा व माजाची स्थिती जाणतात. मागचे पाय जवळ घेऊन सांध्यांवरच्या केसांवर मूत्र सोडण्याची त्यांची सवय याच देवघेवीचा भाग आहे. टाळूतील व्होमेरोनेझल इंद्रिय मूत्रातील रसायने तपासते. नर वरचा ओठ दुमडून मान उंचावतो तेव्हा हेच चाललेले असते. हरणाच्या नाकातील घ्राणपेशींचे कोटींतील आकडे शिकारविषयक मासिकांत सर्रास छापले जातात. ते सावधपणे घ्यावेत.

गंधनियंत्रणाची साधने : यांतील सर्वांत जुने साधन म्हणजे वारा, आणि ते फुकट आहे. हरणाची वाट कोठून येते ते पाहून वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचे, एवढाच त्याचा गाभा. अडचण उतारांवर येते. सकाळी ऊन चढू लागले की उबदार हवा उताराने वर सरकते, सायंकाळी थंड हवा ओहोळाच्या दिशेने खाली उतरते. म्हणून पहाटे निर्धोक असलेले मचाण दिवस मावळताना निरुपयोगी होऊ शकते. हवेचा हा प्रवाह पाहण्यासाठी शिकारी शंखजिऱ्याची पूड उडवतात किंवा मिल्कवीडच्या शेंगेतले रेशमी तंतू सोडतात. पूड हातभर अंतरावर दिसेनाशी होते; तंतू मात्र मचाणावरून सुटून आधी सरळ जातो, मग झाडोऱ्याच्या कडेला वळतो, थबकतो आणि ओहोळात बुडी घेतो, तेवढा वेळ तो डोळ्यांना दिसत राहतो. (मिल्कवीड आपल्या रुईच्याच नात्यातले, शेंग उकलल्यावर उडणाऱ्या म्हाताऱ्या महाराष्ट्रात कोणीही पाहिलेल्या असतात.)

यापलीकडची साधने बाजाराने पुरवली आहेत : बिनवासाचा साबण, खाण्याचा सोडा, रबरी बूट, कोल्ह्याचे मूत्र, देवदाराचा अर्क आणि १९९० च्या दशकापासून सक्रियित कार्बनाचा थर असलेले कपडे. कार्बनाच्या सूक्ष्म छिद्रांत गंधरेणू अडकतात, ही मूळ कल्पना रसायनशास्त्राला धरूनच आहे. प्रश्न छिद्रे भरल्यानंतरचा. कारखान्यांत वापरलेला कार्बन पुन्हा सक्रिय करायला कित्येक शे अंश सेल्सिअस तापमान लागते; घरातील कपडे वाळवण्याचे यंत्र त्याच्या जवळपासही जात नाही. कपडे अशा यंत्रात फिरवल्याने कार्बन पुन्हा कामाचा होतो, अशा आशयाच्या जाहिराती होत्या. काही शिकाऱ्यांनी मिनेसोटात त्यांविरुद्ध दावा लावला. २०१० मध्ये तेथील संघीय जिल्हा न्यायालयाने गंध नाहीसा करण्याची व पुनःसक्रियतेची काही विधाने खोटी ठरवली. २०११ मध्ये आठव्या सर्किटच्या (प्रादेशिक विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ग्राहक अशा विधानाचा अर्थ गंधाचा शंभर टक्के नाश असाच घेईल असे गृहीत धरता येत नाही, अशी त्याची भूमिका होती. कपडे हरणाला फसवतात की नाही, हा प्रश्न या निकालाने सुटला असे काहीजण समजतात. न्यायालयापुढे तो प्रश्नच नव्हता.

प्रायोगिक पुरावा थोडा आहे व तोही बहुतांशी कुत्र्यांवरचा. जॉन शिविक याने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शोधकुत्र्यांनी असे कपडे घालून लपलेल्या माणसांना जवळजवळ प्रत्येक वेळी हुडकून काढले. शोधासाठी शिकवलेला कुत्रा आणि चरताना मधूनच मान वर करणारे हरीण यांत फरक आहे, हा आक्षेप रास्त आहे. ओझोन यंत्रांविषयी पुरावा याहून तुटपुंजा; ओझोन गंधरेणूंचे ऑक्सिडीकरण करतो हे खरे, पण तोच फुप्फुसांनाही बाधतो. एकंदरीत वास कमी करता येतो, नाहीसा करता येत नाही. आणि कमी केलेला वास वारा चुकल्यास कितपत वाचवतो याविषयी अनुभवी शिकारीही साशंक असतात.

आमिषाची परिणामकारकता : टेक्ससमध्ये खाजगी जमिनीवर मक्याचे आमिष कायदेशीर असून तेथील शिकारीचे ते नेहमीचे अंग आहे. तीन पायांवर उभे केलेले पिंप, तळाशी बॅटरीवर चालणारी चकती आणि घड्याळ असे त्याचे यंत्र असते. पहाटे व सायंकाळी ठरल्या वेळी चकती काही सेकंद फिरून मका गोलाकार फेकते. काही आठवड्यांत हरणे त्या खडखडाटावरच येऊ लागतात. मिशिगनमध्ये हीच जागा साखरबीट, गाजरे व सफरचंदे घेत असत.

आमिषाने हरीण येते, याबद्दल वाद नाही. मारण्याच्या संख्येत त्याने वाढ होते का, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर सर्वसाधारण समजाच्या उलट जाणारे आहे. साउथ कॅरोलायनात अनेक वर्षे किनारी मैदानात आमिषाला मुभा व अंतर्भागातील पीडमाँटमध्ये मनाई होती. राज्याच्या वन्यजीव विभागातील चार्ल्स रूथ व सहकाऱ्याने दोन्ही भागांची तुलना केली, तेव्हा मनाई असलेल्या भागात दर चौरस मैलामागील शिकार सुमारे एकतृतीयांशाने अधिक आणि एका हरणामागे खर्ची पडणारे श्रम किंचित कमी आढळले. खाद्य रात्रभर उपलब्ध असले की हरणे दिवसा बाहेर पडण्याची जोखीम घेत नाहीत आणि शिकारी पिंपाजवळ बसून राहतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. दोन प्रदेशांची जमीन व झाडोरा भिन्न असल्याने हा निष्कर्ष अंतिम म्हणता येणार नाही. तरी तो खोडून काढणारा तेवढाच भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. २०१३ मध्ये राज्याने उरलेल्या भागातही खाजगी जमिनीवर आमिषाला परवानगी दिली. धोरण अभ्यासामागे गेले नाही.

रोगप्रसार : आमिषाविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा हा आहे. मिशिगनच्या ईशान्य भागात १९९४ मध्ये एका शिकाऱ्याने मारलेल्या हरणात गोजातीय क्षय (मायकोबॅक्टेरियम बोव्हिस) आढळला व तो तेथील रानटी कळपांत मुरल्याचे दिसून आले. एकाच ढिगावर नाकाला नाक लावून खाणे हे त्यामागचे एक कारण ठरले. पशुपालकांना त्याची झळ लागून २००० मध्ये राज्याचा क्षयमुक्त दर्जा गेला. दुसरा रोग क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. तो १९६७ मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे बंदिस्त म्यूल हरणांत (अमेरिकेतील हरणांची आणखी एक जात) प्रथम लक्षात आला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एलिझाबेथ विल्यम्स यांनी तो मेंदूचा स्पंजसदृश ऱ्हास असल्याचे ओळखले. त्याचे प्रिऑन (रोग पसरवणारी विकृत प्रथिने) लाळ, मूत्र व विष्ठेतून बाहेर पडतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये हा रोग सापडल्यावर बाधित काउंट्यांत आमिष बंद झाले. मिशिगनने २००८ मध्ये आपल्या खालच्या द्वीपकल्पात बंदी घातली, २०११ मध्ये बहुतेक भागात ती उठवली आणि २०१९ मध्ये पुन्हा लागू केली.

याच कारणाने वासाचे आमिषही कायद्याच्या कक्षेत आले. माजावरच्या मादीचे मूत्र बाटलीत भरून विकले जाते व ते बंदिस्त कळपांतून येते. व्हर्जिनिया, व्हरमाँट इत्यादी राज्यांनी नैसर्गिक मूत्राच्या वापरावर बंदी आणल्यावर कृत्रिम द्रावणे पुढे आली. नॉर्वेत २०१६ मध्ये रेनडिअरांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज आढळला, तेव्हा मेंढ्यांसाठी ठेवलेल्या मिठाच्या जागांवर संशयाचा रोख गेला. थंडीत अचानक भरपूर मका खाल्ल्याने हरणांच्या कोठीपोटात आम्लता वाढून मृत्यू येतो, हाही दोष नोंदला गेला आहे.

नैतिक बाजू : थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने रूढ केलेले न्याय्य पाठलागाचे तत्त्व वादाच्या केंद्रस्थानी असते : मुक्त जनावरावर शिकाऱ्याने गैरवाजवी वरचढपणा मिळवू नये. आमिषाचे समर्थक म्हणतात की शांत उभ्या असलेल्या जवळच्या हरणावर बार नेमका बसतो, जखमी होऊन पळणारी जनावरे कमी होतात. हा मुद्दा दुर्लक्षण्याजोगा नाही. हरणांसाठी मुद्दाम पेरलेला क्लोव्हरचा (एक चारापीक) तुकडा चालतो आणि पोतेभर मका चालत नाही, ही विसंगतीही ते दाखवतात. बहुतेक राज्यांत पेरलेले व टाकलेले यांत कायदा खरोखरच असा भेद करतो. विरोधकांचे म्हणणे असे की हरणाची सावधता भुकेच्या जोरावर मोडून काढली की उरते ती नेमबाजी.

गंधनियंत्रणावर मात्र नैतिक लिखाण जवळजवळ नाही. हरणाचे मुख्य संरक्षण नाक हेच असताना ते निकामी करण्याचा प्रयत्न कौशल्यात मोजला जातो आणि पोटाला भुलवणे फसवणुकीत, हे विचार करण्याजोगे आहे. प्रत्यक्षात ते उपाय पूर्णपणे साधत नाहीत, म्हणूनच बहुधा कोणाला ते अन्यायाचे वाटत नसावेत.

अन्यत्र : जर्मनीच्या संघीय शिकार कायद्यानुसार टंचाईच्या काळात खाद्यस्थानापासून २०० मीटरच्या आत खुरधारी शिकारीच्या जनावरांवर गोळी झाडता येत नाही. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या व्याख्येतच रानटी जनावराला आमिष लावणे व तसा प्रयत्न करणे यांचा शिकारीत समावेश केलेला आहे; त्यामुळे चितळ किंवा सांबरासाठी मीठ वा दाणा मांडून बसणे, एकही गोळी न सुटता, गुन्हा ठरू शकते.