ज्वेल ऑर्किड : घरातील जोपासना

ज्वेल ऑर्किड ही फुलांपेक्षा पानांसाठी जोपासली जाणारी ऑर्किडे असून लुडिसिया, मॅकोडीस, अॅनेक्टोकायलस, डॉसिनिया आणि गुडयेरा या प्रजातींतील अनेक जातींना हे नाव दिले जाते. त्यांपैकी बहुतेक दक्षिण व आग्नेय आशियातील दमट अरण्यांतल्या आहेत. गुडयेराच्या काही जाती मात्र समशीतोष्ण प्रदेशांतही आढळतात. लुडिसिया डिस्कलरची मखमली, काळपट किरमिजी पाने तांबूस शिरांनी रेखलेली असतात, तर मॅकोडीस पेटोलाच्या हिरव्या पानांवरील सोनेरी शिरांची जाळी तिरपा प्रकाश पडताच चमकू लागते.

फांद्यांवर वाढणाऱ्या परिचित ऑर्किडांप्रमाणे यांची मुळे हवेत लोंबत नाहीत. यांची मांसल, ठिसूळ खोडे जमिनीवरच्या कुजत्या पालापाचोळ्यातून सरपटत जातात आणि पेरापेराला मुळे धरतात, म्हणून कुंडी खोल नसून पसरट असावी. स्फॅग्नम शेवाळ, सालीचे बारीक तुकडे आणि पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके, पांढरे दाणे) यांचे भुसभुशीत मिश्रण ओलावा धरते आणि मुळांना हवाही मिळू देते. बागेतली चिकट माती या झाडांना सोसत नाही.

पाणी घालण्यातच खरी कसोटी लागते. मिश्रण सतत किंचित ओलसर असावे, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचता कामा नये. मातीलगतचे खोड तपकिरी, मऊ आणि पाणचट दिसू लागले, की कूज सुरू झाली असे समजावे आणि वाट न पाहता स्वच्छ पात्याने निरोगी भागापर्यंत कापून वरचा शेंडा ओल्या शेवाळात लावावा. लुडिसियाचे खालचे एखादे जुने पान वाळले, तर मात्र ती सहसा स्वाभाविक वाढ असते.

थेट उन्हात पानांचा रंग फिकटतो आणि ती करपतात, त्यामुळे खिडकीजवळचा गाळीव उजेड उत्तम. साधारण १८ ते २७ अंश सेल्सियस तापमान बहुतेक उष्ण प्रदेशीय जातींना मानवते. नवशिक्याने लुडिसियापासूनच सुरुवात करावी, कारण ती खोलीतल्या साध्या हवेतही तग धरते. मॅकोडीस व अॅनेक्टोकायलस यांना अधिक आर्द्रता लागत असल्याने ती काचपेटीत ठेवणे श्रेयस्कर. खत अतिशय सौम्य करून आणि केवळ वाढीच्या काळात द्यावे. मांसल खोडांवर पिठ्या ढेकूण व गोगलगायी येतात, त्यांच्यावर लक्ष असावे.

लुडिसियाची फुले लहान, पांढरी व मध्यभागी पिवळी असतात. फुलोरा फांदीच्या टोकाला येत असल्याने त्या फांदीची वाढ तेथेच थांबते आणि खालच्या पेरांतून नवे कोंब फुटतात. दोन-तीन पेरांचा तुकडा ओल्या शेवाळावर आडवा ठेवल्यास त्यालाही मुळे फुटतात. अभिवृद्धी इतकी सोपी असताना रानातून उपटलेली रोपे विकत घेण्याचे समर्थन होऊ शकत नाही. अॅनेक्टोकायलसच्या काही जाती औषधासाठी आधीच मोठ्या प्रमाणावर खुडल्या जातात, आणि ऑर्किड कुलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत.