मोटारीचं बेअरिंग गेलंय? शाफ्टवर हातोडा घालण्याआधी हे वाचा

(नदीकाठच्या आमच्या शेतकरी ग्राहकांसाठी)

मोटार घरघरायला लागली, बॉडीला हात ठेववत नाही, ग्लँड (शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथला दोरीचा सील) कितीही आवळलं तरी पाणी थांबत नाही. बेअरिंग गेलंय हे निपाणी-चिकोडी भागातल्या शेतकऱ्याला आम्ही सांगायची गरज नाही. दूधगंगा-वेदगंगेच्या काठावर मोटारीबरोबरच वाढलेली माणसं तुम्ही. म्हणून इथं फक्त एकाच गोष्टीबद्दल लिहितोय: ठोकून आणलेला शाफ्ट.

ऐन एप्रिल-मे, ऊस माना टाकतोय, थ्री फेज रात्रीची. मोनोब्लॉकचं (मोटार आणि पंप एकाच शाफ्टवर) केसिंग खोललं, नट काढला, पण पंखा, म्हणजे पाणी फेकणारा इंपेलर, गंजून शाफ्टला धरून बसलाय. मग शाफ्टच्या तोंडावर हातोडा. नाही सुटला की घण. पंखा कधीकधी सुटतोही, पण पुढचं सगळं आमच्या टेबलावर येतं.

तोंड पसरतं, आटे दबतात, नट परत चढत नाही. एवढं तुम्हालाही दिसतं. पण शाफ्टच्या तोंडाला मधोमध एक बारीक निमुळता खड्डा असतो, तो बघितलाय? लेथवाले त्याला सेंटर म्हणतात. शाफ्ट लेथवर धरतात तो त्या खड्ड्यात टेकवूनच आणि पुलरचा (पंखा-बेअरिंग ओढून काढायच्या अवजाराचा) बोल्टही तिथंच बसतो. चार घाव पडले की खड्डा बुजतो. पुलर सरकायला लागतो, शाफ्ट लेथवर बरोबर मधे धरला जात नाही. मग आधी डायल गेज लावून मध्य शोधा, नवं सेंटर पाडा, आटे परत काढा, आणि त्यानंतर बेअरिंग. अर्ध्या दिवसाचं काम दोन-तीन दिवसांवर जातं ते असं. बिल वाढलं म्हणून तुम्ही नाराज, आणि पाण्याची पाळी चुकली म्हणून ऊसही.

“आम्ही लाकडाचा ठोकळा ठेवूनच मारलं,” असं बरेच जण सांगतात. ठोकळ्यानं तोंड वाचतं, कबूल. पण धक्का कुठं जातो? मागच्या बेअरिंगच्या गोळ्यांमधून. आणि घाव तिरका बसला तर शाफ्ट वाकतो. मोनोब्लॉकमध्ये रोटर त्याच शाफ्टवर असतो. रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटर (त्याभोवतीचा वाइंडिंगचा स्थिर भाग) यांच्यातली फट कित्येकदा अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. शाफ्ट थोडा जरी वाकला तरी रोटर घासतो आणि बेअरिंगच्या कामाचं वाइंडिंगचं काम होतं.

नवं बेअरिंग बसवतानाही तेच. शाफ्टवर चढवताना जोर आतल्या रिंगवरच द्यायचा. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांचे वण आतल्या वाटेवर उठतात, आणि थोड्याच दिवसांत ते बेअरिंग वाजायला लागतं. मग माल डुप्लिकेट म्हणून दुकानदाराशी भांडण. (डुप्लिकेट मालही बाजारात आहे, नाही असं नाही. पण दर वेळी दोष त्याचाच नसतो.)

आम्ही पंख्याला रस्ट ऑइल सोडून रात्रभर ठेवतो, सकाळी पुलर लावतो. घाई करत नाही, गॅसही मारत नाही. बिडाचा पंखा एकाच जागी तापला तर तडकतो. नवं बेअरिंग हीटरवर 110 अंशांच्या आत तापवून हातानं सरकवतो.

“अख्खा शाफ्ट कशाला काढता, वरच्या वर बेअरिंग बदला की,” हे दुसरं नेहमीचं. शाफ्ट बाहेर आल्याशिवाय बेअरिंगची बैठक, म्हणजे शाफ्टवर ते बसतं ती जागा, मोजता येत नाही. 6308 नंबरच्या बेअरिंगचं भोक 40 मिलिमीटर असतं. शाफ्ट त्याहून केसभर जाडच लागतो. जुनं बेअरिंग शाफ्टवर फिरलं असेल तर बैठक झिजलेली असते आणि नवंही तसंच फिरणार. तिथं पंचचे ठिपके मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून बेअरिंग बसवून देणारे आहेत, आणि स्वस्तात देतात. आम्ही बैठक भरून टर्निंग करतो, नाहीतर नवा शाफ्ट सांगतो. बेअरिंग दोन्ही बाजूंची बदलतो. एकच बदला म्हणालात तर बदलू, पण त्या कामाची हमी देणार नाही.

ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी पडलंच पाहिजे. पूर्ण बंद होईपर्यंत आवळलं की दोरी जळते आणि स्लीव्हला (तिथं शाफ्टवर चढवलेल्या नळीला) खाचा पडतात.

2019 आणि 2021 च्या पुरानंतर बऱ्याच जणांनी बुडालेल्या मोटारी नुसत्या उन्हात वाळवून चालू केल्या. ग्रीसमध्ये पाणी आणि गाळ गेला की बेअरिंग हातानं छान फिरतं, पण आतून गंजत असतं. बुडालेली मोटार लाईन न देता थेट आमच्याकडे आणा. आणि न बुडालेलीही जमलं तर पावसाआधी, जूनच्या सुरुवातीलाच एकदा दाखवून घ्या. तेव्हा गर्दी कमी असते आणि पुलर-प्रेस रिकामा असतो.

आणताना मोटार बंदच आणा. खोलली असेलच तर नट, वॉशर आणि चावी (पंखा शाफ्टवर अडकवणारी खाचेतली पट्टी) एका पिशवीत बांधून द्या. चावी हरवली की नवी घासून बसवण्यात वेळ जातो. नेमप्लेट पुसली असेल तर एचपी आणि डिलिव्हरी पाईप किती इंची ते सांगा. साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारींची बेअरिंगं आणि स्लीव्ह आमच्याकडे ठेवलेली असतात, त्याहून मोठीची बेळगावच्या उद्यमबागेतून मागवावी लागतात. म्हणून आदल्या दिवशी एक फोन करा.