प्रयोगाचे पैसे कुठे जातात : ठाण्यातल्या मदतनिधी कार्यक्रमांची पार्श्वभूमी

तलावपाळीवर गडकरी रंगायतनच्या आसपास रेंगाळलं की कधी ना कधी हातात पावतीपुस्तक घेतलेली एखादी मुलगी भेटतेच. "काका, आमच्या अभ्यासिकेसाठी प्रयोग आहे, दोन प्रवेशिका घ्या ना." मी स्वतः अशा देणगी प्रवेशिका बरीच वर्षं खपवल्या आहेत. स्मरणिकेच्या पाव पान जाहिरातीसाठी गोखले रोडवरच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. युवक शिबिरं, वस्तीतल्या अभ्यासिका, चळवळीत उतरलेली तरुण पोरं यांच्यासाठी कार्यक्रम करायचा आणि पैसा उभा करायचा ही पद्धत ठाण्यात इतकी रुळली आहे की ती आली कुठून, हे कुणी विचारत नाही.

मुळं जलशात, म्हणजे गाणी-संवादांतून समाजसुधारणेचा विचार मांडणाऱ्या लोककार्यक्रमात आहेत. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. तो विचार पुढे गावोगाव नेला जलशांनी. तमाशाचा बाज तोच, आशय मात्र नवा. त्याच वाटेने आंबेडकरी जलसे आले, भीमराव कर्डकांसारखे शाहीर आले. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफाने मैदानं भरली. या सगळ्यांत कार्यकर्ता आणि कलावंत ही दोन माणसं नव्हती. जो डफ वाजवी, तोच मोर्चात पुढे असे.

राष्ट्र सेवा दलाने तरुणांसाठी याची नीट घडी बसवली. 1941 मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या या संघटनेच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे अशी माणसं होती. शाखेवर येणारा पोरगा गाणं, नाच, लोकनाट्य करता करता कार्यकर्ता होत असे. निळू फुले तिथलेच. पुण्यात माळीकाम करत असताना ऐंशी रुपये पगारातले दहा रुपये ते सेवा दलाला देत, असं सांगतात. हा दहा रुपयांचा आकडा मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढची गोष्ट तिथूनच सुरू होते.

1980च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधीची कल्पना उचलली. नामवंत कलावंतांना एकत्र करून अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग महाराष्ट्रभर केले. जमलेली रक्कम ठेव म्हणून ठेवायची आणि तिच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचं, असं ठरलं. तोवर मदतीच्या प्रयोगाचा पैसा बहुधा इमारतीला, पूरग्रस्तांना, फार तर शिष्यवृत्तीला जाई. चळवळीत राबणाऱ्या तरुणाच्या घरात महिन्याचं धान्य कुठून येतं, हा प्रश्न चारचौघांत काढायलाही संकोच वाटे. या प्रयोगांनी तो थेट प्रेक्षकांपुढे ठेवला. निधीच्या नावात दान हा शब्द नव्हता, कृतज्ञता होता. ते किती अचूक होतं, हे पुढे स्वतः पावत्या फाडताना मला कळलं. "मदत करा" म्हटलं की समोरचा खिसा चाचपतो. "तुमच्या वाट्याचं काम ही पोरं करताहेत" म्हटलं की आधी नीट ऐकून घेतो.

ठाण्यापुरतं बोलायचं तर वाचनाची आणि सभांची बैठक जुनी. मराठी ग्रंथसंग्रहालय 1893चं. हक्काचं मोठं नाट्यगृह मात्र 1978 मध्ये, नगरपालिका असतानाच, गडकरी रंगायतनच्या रूपाने मिळालं आणि मदतनिधीच्या प्रयोगांना कायमची जागा झाली. खाडीपलीकडे सिडकोने वसवलेल्या वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह आलं.

पण या नाट्यगृहांत बरीच वर्षं एक गोष्ट तशीच राहिली. मंचावर नावाजलेले कलावंत, पहिल्या रांगेत देणगीदार आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ती मुलं बाल्कनीत, नाहीतर पाहुण्यांना फुलं द्यायला विंगेत.

हे चित्र पालटण्यात नाटककार रत्नाकर मतकरींचा वाटा मोठा आहे. 1962 मध्ये त्यांनी बालनाट्य ही संस्था काढली, झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन नाटकं केली आणि नर्मदा आंदोलनाच्या बाजूने ते जाहीरपणे उभे राहिले. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्था आधीपासून वस्त्यांत काम करत होती. प्रतिकूल परिस्थितीत दहावी होणाऱ्या मुलांना एकलव्य पुरस्कार देत होती. या संस्थेबरोबर मतकरींनी 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. वस्तीतल्या मुलांनी विषय आपला घ्यायचा, नाटुकली आपणच बसवायची, आपणच करायची आणि वर्षातून एकदा 'नाट्यजल्लोषा'त सगळ्या वस्त्यांनी ती सादर करायची. मे 2020 मध्ये मतकरी गेले, पण त्यांनी घालून दिलेली वाट मोडली नाही.

असं नाटक बसतं कसं, हे आमच्या भागातल्या एका समाजमंदिरात मी जवळून पाहिलं आहे. संध्याकाळी सातची तालीम. साडेसातला नळाला पाणी येतं, म्हणून निम्म्या मुली अर्ध्यातून हंडे भरायला पळतात. एकदा त्यातलीच एक ओल्या हातांनी परत आली आणि म्हणाली, "सर, हेच करू या ना. पाणी येतं तेव्हाच माझा क्लास असतो." त्या वर्षी नाटक तेच झालं. लिखित संहिता नव्हतीच. बोलता बोलता संवाद ठरले आणि प्रयोग तोंडावर आला तेव्हा कुणीतरी ते वहीत उतरवले. उतरवावे लागतातच, कारण महाराष्ट्रात प्रयोगाआधी नाटकाची संहिता मंजुरीसाठी सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. रोज बदलणाऱ्या अशा नाटकाला ते जड जातं. लिहून दिलेलं वाक्य मुलांच्या तोंडी लगेच पाठांतरासारखं यायला लागतं.

खर्चाची गणितंही यामुळे बदलली. पूर्वी नाट्यगृहाचं भाडं, ध्वनी-प्रकाश आणि जेवण वजा केलं की उरेल ते संस्थेला जाई. आता तालमीचा रिक्षाखर्च, संध्याकाळची कामं सोडून येणाऱ्या मुलांचा बुडालेला रोज, चहा-वडापाव हेही धरावं लागतं. देणगीदार यावर कपाळाला आठ्या घालतात. त्यांना वाटतं, पैसा कार्यक्रमावरच गेला, मग मुलांना काय मिळालं? त्यांना समोर बसवून सांगावं लागतं की या मुलांसाठी तालीम हाच उपक्रम आहे. चार महिने एका खोलीत भांडून, ऐकून घेऊन, आपलं म्हणणं शंभर माणसांपुढे मांडायला शिकलेली मुलगी उद्या वॉर्ड ऑफिसात पाण्याचा अर्ज घेऊन जाते, तेव्हा तिचा आवाज कापत नाही.

ती ओल्या हातांची मुलगी आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा लहान गटाची तालीम तीच घेते. परवाच्या बैठकीत हिशेबाच्या वहीत तिच्या नावापुढे दरमहा मानधन लिहिलं गेलं, जून ते डिसेंबर. रक्कम लहान आहे. ती उभी करायला अजून दीडशे प्रवेशिका खपवायच्या आहेत आणि पावतीपुस्तक या खेपेला तिने स्वतःकडेच मागून घेतलं आहे.