मोडेम कंपनीचा, राउटर घरचा?

घरी इंटरनेट घेताना मोडेम (कंपनीच्या तारेवरचा सिग्नल संगणकाला समजेल असा करणारा) आणि राउटर (ती जोडणी घरातल्या यंत्रांत वाटणारा) वेगळे ठेवायचे की दोन्ही एकाच डब्यात घ्यायचे, याची चर्चा बहुतेक वेळा किंमत, वेग आणि अँटेना एवढ्यावरच संपते. मुळात हा हद्दीचा वाद आहे. कंपनीचं जाळं कुठे संपतं आणि घराचं कुठे सुरू होतं, हा त्यातला खरा प्रश्न, आणि घरात राउटर येण्याच्या कितीतरी आधीपासून तो चालू आहे.

अमेरिकेत साठच्या दशकात फोनच्या तारेला टेलिफोन कंपनीशिवाय दुसऱ्या कुणाचं यंत्र जोडायची सोय नव्हती. १९६२ साली आलेला बेल १०३ हा मोडेम सेकंदाला ३०० बिट पाठवायचा, पण तोही एटीअँडटी या टेलिफोन कंपनीचाच. बाहेरच्यांनी यावर मजेशीर पळवाट काढली. फोनचा रिसीव्हर रबराच्या दोन वाट्यांत बसवायचा. यंत्र आवाज काढणार, फोन तो ऐकणार, आणि तारेला तार लागतच नाही! १९६८ मध्ये कार्टरफोन या बाहेरच्या कंपनीच्या यंत्राच्या प्रकरणात एफसीसी या नियामक संस्थेने निकाल दिला की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला स्वतःचं यंत्र जोडता आलं पाहिजे. १९८१ सालचा हेज स्मार्टमोडेम सरळ लाइनीला लागायचा आणि संगणकाच्या हुकमावर स्वतःच नंबर फिरवायचा. ही मोकळीक त्याच निकालातून आलेली.

तोवर घरात राउटरचं काही काम नव्हतं. एक मोडेम, एक संगणक, संपला विषय. मोठी जाळी एकमेकांना जोडणारे राउटर विद्यापीठांत आणि कंपन्यांत असायचे. ते घरात आले ते पत्त्यांच्या टंचाईमुळे. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या पत्तेपद्धतीत पत्ते जेमतेम ४२९ कोटी, आणि घरगुती जोडणीला बहुधा एकच मिळायचा. १९९४ मध्ये नॅट ही युक्ती कागदावर मांडली गेली: घरातल्या सगळ्या यंत्रांना खाजगी पत्ते द्यायचे आणि बाहेर जाताना सगळ्यांनी एकच सार्वजनिक पत्ता वापरायचा. आज घरोघरी दिसणारे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या नियमाने अशा खाजगी वापरासाठी राखून ठेवले गेले.

कंपन्यांना हे सुरुवातीला रुचलं नाही. काही ठिकाणी जोडणी नोंदवलेल्या एकाच संगणकाला बांधलेली असायची. म्हणून राउटर बनवणाऱ्यांनी त्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा ठरलेला क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस उचलून आपलाच म्हणून दाखवायची सोय दिली. अनेक राउटरच्या सेटिंगमध्ये ‘मॅक क्लोन’ हा पर्याय अजून दिसतो. तो त्या भांडणाचा अवशेष आहे.

मग वायफाय आलं. १९९९ च्या ८०२.११बी मानकानंतर भिंती फोडून तारा ओढायची गरज उरली नाही. २००२ च्या अखेरीस आलेला लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर वेगळ्या मोडेमला जोडायचा असे. त्याचा फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, लिनक्स या खुल्या प्रणालीवर चालतो हे उघड झालं, परवान्याच्या अटीमुळे सोर्स कोड खुला करावा लागला, आणि २००४ पासून ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरवर टाकता येणारी खुली प्रणाली उभी राहिली. वेगळ्या राउटरच्या बाजूने बोलणाऱ्यांची जमात इथूनच तयार झाली, असं माझं मत.

एकत्र डबा आला तो कंपन्यांच्या सोयीने, आणि ती सोय खोटी नव्हती. नेट बंद पडल्यावर दोष मोडेमचा की राउटरचा, हा फोनवरचा वाद मिटला. २००४ साली टीआर-०६९ हे मानक आलं आणि कंपनीला घरातल्या डब्याच्या सेटिंग दुरून बदलता येऊ लागल्या. पण दुरून उघडणारं दार इतरांनाही दिसतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत याच व्यवस्थेच्या पोर्टवर हल्ला झाला आणि सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी १ ऑगस्टपासून तिथे ग्राहकाला स्वतःचं उपकरण निवडण्याचा हक्क देणारा कायदा लागू झाला होता. अमेरिकेत २०१९ च्या कायद्याने ग्राहकाच्या स्वतःच्या डब्यावर भाडं लावायला बंदी आली.

शिवाय दोघांचं आयुष्य सारखं नाही. केबल मोडेमचं डॉक्सिस ३.० हे मानक २००६ चं, ३.१ हे २०१३ चं. वायफाय त्याहून भरभर बदलतं: त्याची नवी मानकं २००९, २०१३ आणि २०२१ मध्ये आली. एका डब्यात एक भाग जुना झाला की चांगला चाललेला दुसराही टाकावा लागतो. मला वेगळे घेण्याचं हेच सर्वांत पटणारं कारण वाटतं. एकच खोली आणि दोन फोन असतील, तर मात्र एक डबा पुरे.

फायबरने हद्द पुन्हा सरकवली. एका फायबरवर अनेक घरं असतात आणि प्रत्येक घराच्या ओएनटीने (फायबरच्या टोकाला मोडेमच्या जागी असणाऱ्या डब्याने) नेमून दिलेल्या क्षणीच प्रकाश सोडायचा असतो. एखादा बिघडलेला ओएनटी शेजाऱ्यांचीही सेवा पाडू शकतो, त्यामुळे तो आपल्या ताब्यात ठेवण्याचा कंपनीचा आग्रह समजण्यासारखा आहे. राउटरबाबत तसं कारण नाही. म्हणून कंपनीचा एकत्र डबा ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे त्यातलं राउटरचं काम बंद करून, त्यामागे आपला राउटर लावणं हा मधला मार्ग उरतो. ब्रिज मोड खरंच लागला का, हे राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या, पत्त्यावरून तपासावं: तिथेही १९२.१६८ दिसत असेल तर बहुधा नॅट दोनदा चालू आहे, आणि गेम किंवा बाहेरून पाहायचे कॅमेरे त्यात अडकतात.