किरणोत्सारी पदार्थांचा काळाबाजार
अण्वस्त्रांना उपयुक्त युरेनियम व प्लुटोनियम, तसेच रुग्णालये व कारखान्यांतील किरणोत्सारी स्रोत यांची चोरी, तस्करी व बेकायदा विक्री. सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर (१९९१) हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरण १९९५ पासून अशा घटनांची नोंद ठेवते.

या मालाला खरे गिऱ्हाईक कितपत आहे, याविषयी मतभेद आहेत. म्यूनिक येथे १९९४ मध्ये सुमारे ३६३ ग्रॅम प्लुटोनियम पकडले गेले, तेव्हा खरेदीदार म्हणून गुप्तचरच पुढे झाले होते. त्यामुळे मागणीपेक्षा विक्रेत्यांच्या हावेवरच हा बाजार चालतो, असे काही अभ्यासक मानतात. यशस्वी सौदे उजेडातच येत नाहीत, असे इतरांचे म्हणणे. उपलब्ध पुराव्याशी पहिले मत अधिक जुळते. उदाहरणार्थ, मुंबईत २०२१ मध्ये जप्त झालेले सुमारे ७ किग्रॅ. युरेनियम नैसर्गिक होते. त्यात विखंडनक्षम (अणू फुटून ऊर्जा देणारे) युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते. तेवढ्यातून अणुबाँब होत नाही.

साध्या स्फोटकाने किरणोत्सारी द्रव्य पसरवणे हा दहशतवाद्यांना सुलभ मार्ग. मॉस्कोतील इझमायलोवो उद्यानात चेचेन बंडखोरांनी १९९५ मध्ये सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य ठेवले. स्फोट मात्र केला नाही. अशा बाँबने प्राणहानीपेक्षा घबराट व दूषित परिसराची हानी मोठी होईल, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात.

कोल्हापूर : शिवाजी उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रींना तस्करीपेक्षा भंगारातून येणाऱ्या बेवारस स्रोताचा धोका जवळचा आहे. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये विद्यापीठाने लिलावात काढलेले गॅमा विकिरण यंत्र भंगारवाल्यांनी फोडले. त्यातील कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचा एक तुकडा एका दुकानदाराने पाकिटात ठेवला होता. या दुर्घटनेत एकाचा बळी गेला. असा तुकडा भट्टीत वितळला, तर सगळे ओतकाम दूषित होते. भारतीय पोलादाची, कोबाल्ट-६० ने दूषित झालेली लिफ्टची बटणे २००८ मध्ये फ्रान्समध्ये सापडली होती. म्हणून भंगाराची गाडी फाटकातच किरणोत्सर्गमापकाने तपासणे अगत्याचे आहे.

ओतीव भागांतील पोकळ्या व भेगा शोधण्यासाठी इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी धातू वापरतात. त्याचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) सुमारे ७४ दिवसांचे असल्याने स्रोत वारंवार बदलावा लागतो. जुना स्रोत पुरवठादाराकडे परत पाठवायचा असतो. याच इरिडियमच्या नावावर तांदूळ ओढणाऱ्या ‘राइस पुलर’ भांड्यांचे कोट्यवधींचे सौदे दाखवून लोकांना लुबाडले जाते. त्या भांड्यांत किरणोत्सारी असे काही नसते.