वाचून केलेली उजळणी आणि आठवून केलेली उजळणी

परीक्षा जवळ आली की दहावीचे मूल असलेल्या घरांत ‘उजळणी झाली का?’ हा प्रश्न रोज विचारला जातो. त्याला मिळणारे ‘झाली’ हे उत्तर बहुधा खरेही असते; अडचण एवढीच की मराठीत उजळणी या एकाच शब्दात दोन निराळ्या कृती सामावलेल्या आहेत. एक विद्यार्थी धडा उघडून पुन्हा वाचतो आणि आधी रंगवून ठेवलेल्या ओळींवरून नजर फिरवतो, तर दुसरा पुस्तक मिटून धड्यात काय होते ते कोऱ्या कागदावर लिहून पाहतो.

विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मधील गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात ग्रहांच्या गतीविषयीचे केप्लरचे तीन नियम आहेत. ते चौथ्यांदा वाचताना प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटते, डोळे कुठे अडखळत नाहीत आणि ‘हे तर येतेच’ अशी खात्री पटते. पण पुस्तक बाजूला ठेवून तिसरा नियम लिहायला घेतला की वर्ग कशाचा आणि घन कशाचा, इथे पेन थांबते. ग्रहाच्या आवर्तकालाचा, म्हणजे सूर्याभोवतीच्या एका फेरीला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग हा सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाला समानुपाती असतो, हे वाक्य समोर असताना ओळखणे आणि समोर नसताना ते उभे करणे यांत अंतर आहे, आणि वाचताना ते जाणवत नाही. ओळखीच्या चेहऱ्याच्या माणसाचे नाव ऐन वेळी न आठवण्यासारखेच हे आहे. उत्तरपत्रिका मात्र कोरीच हातात येते.

हा फरक प्रयोगांतही दिसला आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले होते. काही उतारे विद्यार्थ्यांनी दोनदा वाचले. काही एकदाच वाचून, दुसऱ्या वेळी उतारा समोर नसताना, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेलेच सरस ठरले : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र चित्र उलटले; दोनदा वाचलेल्या उताऱ्यांतील ४२ टक्के, तर आठवून लिहिलेल्यांतील ५६ टक्के भाग विद्यार्थ्यांना सांगता आला.

यातला पाच मिनिटांचा आकडा मला अधिक बोलका वाटतो. पुन्हा वाचणे लगेच फळ देते, म्हणूनच ते सोडवत नाही. रात्री धडा वाचून आईला लगेच उत्तरे देणाऱ्या मुलाची काही लबाडी नसते. त्याला त्या क्षणी खरोखरच येत असते. तेच पूर्वपरीक्षेत येत नाही तेव्हा मात्र दोष ‘विसराळूपणा’ला दिला जातो.

आठवून केलेली उजळणी म्हणजे घोकंपट्टी, असाही एक गैरसमज आहे. पूर्वी पाढ्यांनाच उजळणी म्हणत आणि दिवेलागणीला परवच्यात ते तोंडपाठ म्हटले जात, म्हणजे पुस्तकाविना आठवणे आपल्याकडे जुनेच आहे. पण ‘सात आठे?’ असे मधूनच विचारल्यावर जे मूल ‘सात एके सात’पासून सुरुवात करते, त्याला क्रम येत असतो, छप्पन्न हे उत्तर सुटे येत नसते. प्रमेयाची सिद्धता पहिल्या ओळीपासून घडाघडा लिहिणारा आणि ‘ही पायरी कशावरून आली?’ या प्रश्नावर गप्प होणारा विद्यार्थी याच जातीचा. म्हणून स्वतःला प्रश्न विचारताना क्रम मोडावा आणि ‘का’ हा प्रश्न वगळू नये.

वाचनाला अर्थातच जागा आहे. जो धडा मुळात समजलेलाच नाही तो आठवून पाहण्यात वेळ वाया जातो. तिथे शांतपणे वाचणे, आकृती काढणे आणि शिक्षकांना विचारणे हेच आधी. आठवून लिहिल्यानंतरही पुस्तक उघडावेच लागते, कारण चुकीचे आठवलेले न तपासता तसेच सोडले तर तेच पक्के होण्याचा धोका असतो. फरक असा की या वेळी सबंध धडा वाचायचा नसतो. वेगळ्या शाईने दुरुस्त केलेल्या, सुटलेल्या आणि चुकलेल्या जागाच वाचायच्या आणि दोन-तीन दिवसांनी त्यांवर पुन्हा कोरा कागद घ्यायचा.

मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवतानाही ही गफलत होते. शेजारी उत्तरांचे पुस्तक उघडे ठेवून, प्रत्येक प्रश्नाला ‘हं, हे येते’ म्हणत पुढे सरकणे हे वाचनच आहे, मग समोर कितीही प्रश्नसंच असोत. बहुपर्यायी प्रश्नांत योग्य पर्याय नुसता ओळखूनही गुण मिळतात हे खरे. पण घरी सराव करताना पर्याय हाताने झाकून आधी स्वतःचे उत्तर लिहिले, तर आपल्याला खरोखर येते की केवळ ओळखीचे वाटते, हे तिथल्या तिथे कळते.